फियाटचं ॲव्हरेज

"हलव, अजून जरा हलव," मालक म्हणाले, आणि मी भर पेट्रोल पंपावर पदर खोचून आमच्या फियाटला मागनं धरून गदागदा हलवायला लागले.

टाकीत हवा अडकून राहते, गाडी हलवली की ती बाहेर पडते आणि आणखी घोटभर पेट्रोल बसतं, असं त्यांचं शास्त्र होतं. टाकी गळ्यापर्यंत भरायची, संकेश्वरला जाऊन यायचं, परत त्याच पंपावर गळ्यापर्यंत भरायची. मग गाडी लिटरला किती पळाली ते नेमकं कळतं म्हणे. पंपावरचे लोक तोंडावर हात धरून हसत होते. मी पंचावन्नची, मालक साठी ओलांडलेले, आणि दोघं दोन बाजूंनी गाडीला पाळण्यासारखं झुलवतोय.

"अहो, पुरे आता. लोक बघतायत."

"बघू देत. तू सोडू नकोस."

पेट्रोल तोंडाशी आलं तेव्हा कुठं त्यांचं समाधान झालं. आकडा बघितला, मनातल्या मनात भागाकार केला आणि तोंड एवढंसं झालं. "दहा," ते म्हणाले. "पंधरा देणारी गाडी दहावर आली गं." घरातलं माणूस खंगत चाललंय असं सांगावं तसा आवाज होता तो.

ह्याला आता वीस-बावीस वर्षं झाली असतील. गडहिंग्लजला आमचं भांड्यांचं दुकान. मालकांचं नाव गुरुपाद पट्टणशेट्टी, पण गाव त्यांना अण्णा म्हणायचं आणि मला अक्का. दुकान पुतण्याच्या हाती दिल्यापासून त्यांचा सगळा जीव गाडीत. ती घेतली त्या दिवशी देवळापुढं उभी करून पूजा केली, तेव्हा चपला काढून आत बसले, आणि त्यानंतर जन्मात कधी पायताण घालून गाडीत पाय ठेवला नाही. गाडी म्हणजे लक्ष्मी, तिच्यात चपला घालून कसं बसायचं? चांगलं आहे. पण काढलेल्या चपला आत घ्यायचं ध्यान कुणाला? त्या रस्त्यातच राहायच्या आणि हे अनवाणी पुढं. बाजारपेठेत मधोमध चपलांचा जोड दिसला की लोक ओळखायचे, अण्णा इथनं गाडी घेऊन गेले. कोण ना कोण तो जोड दुकानात आणून द्यायचं. मी मात्र त्यांचं कधी ऐकलं नाही. माझ्या चपला माझ्या पायात. त्यावरनं आमची दर दोन दिवसांनी जुंपायची.

पण एक सांगते, घरात आम्ही भांडायचो आणि गाडीत बोलायचो. संध्याकाळी सामानगडाच्या रस्त्याला एक फेरी ठरलेली. फियाटची पुढची सीट बाकासारखी सलग, शेजारी शेजारी बसायचं, आणि घरात महिनोन्महिने न निघालेले विषय तिथं आपसूक निघायचे. एकदा गाडी रंगवायला दिली होती, तर हा माणूस खिडकीत मुक्यासारखा बसून राहिला. मला ते दिवस आठवले की अजून धडकी भरते. म्हणून त्या दिवशी पंपावरनं परतताना ते जे बोलले ते मी अजून विसरले नाही.

"पावसाळ्याआधी ॲव्हरेज सुधारलं तर ठीक," ते म्हणाले. "नाही तर विकून टाकतो. निपाणीचा तो माणूस मागतोयच."

"विकाल आणि काय कराल? माझ्या भाकऱ्या मोजाल?"

"पेट्रोल पिणारी गाडी दारात ठेवायची नाही मला."

मग सुरू झाली गाडीची चौकशी. पहिला संशय कुणावर? माझ्यावर. "तुझं वजन वाढलंय," मालक म्हणाले. मी म्हटलं, वाढलंय तर उतरते, तुम्ही एकटे जाऊन बघा. ते खरंच एकटे जाऊन आले, आणि आकडा तोच. दुसरा संशय डिकीवर. ती उघडली तर आत पाटा-वरवंटा. माझ्या बहिणीला द्यायचा म्हणून मी कधी तरी ठेवला आणि विसरले होते. तो दगड बाहेर काढताना त्यांना जो आनंद झाला, चोर सापडला म्हणून, तो बघण्यासारखा होता. दोन दिवस मला तोंड वर काढू दिलं नाही. पण पाटा उतरवूनही गाडी दहाच्या वर जाईना. तेव्हा मी तोंड वर काढलं.

शेवटी गाडी अब्बास मिस्त्रीकडं गेली. अब्बास आमच्याच वयाचा, गेली कित्येक वर्षं आमची गाडी त्याच्याच हातात. त्यानं टायरमध्ये हवा बघितली, प्लग काढून घासले, हवेचा फिल्टर झटकला, कार्बोरेटर खोलून पेट्रोलनं धुतला. ब्रेक चिकटतात का बघायला गाडी न्यूट्रलला टाकून एका हातानं ढकलली, तर ती सुरसुर पुढं गेली. मग चालवून आला आणि हात पुसत म्हणाला, "अण्णा, क्लचप्लेट जळालीय. इंजिन जोर लावतंय, तो चाकापर्यंत पोचत नाही. पेट्रोल फुकट."

"मागच्या दिवाळीला तर नवीन घातलीस की."

"म्हणून तर म्हणतोय." अब्बास जरा घुटमळला. "पाय ठेवता काय हो क्लचवर? टेकून राहिला की प्लेट घासत राहते."

मालकांचा चेहरा असा झाला की मी पटकन मध्ये पडले. पण ते ऐकायला तयार नव्हते. "अब्बास, तुला गाडी कुठं उघडायची ते कळायच्या आधीपासनं मी चालवतोय. क्लचवर पाय नवशिके ठेवतात. मला शिकवतोस?"

"शिकवत नाही हो अण्णा. विचारतोय."

"विचारायचंच नाही."

गाडी तशीच घेऊन आम्ही निघालो. निघता निघता अब्बासनं मला हळूच सांगितलं, "अक्का, तुम्ही शेजारी बसता. जरा डाव्या पायावर ध्यान ठेवा." मालकांच्या चपला अर्थातच गॅरेजच्या दारात राहिल्या.

त्याच संध्याकाळी आम्ही सामानगडाच्या रस्त्याला लागलो. मालक धुमसत होते. "आळ घालतो माझ्यावर," म्हणत होते. मी मान जरा खाली घालून बसले. चढ लागला. इंजिन ओरडायला लागलं आणि गाडी मात्र गोगलगायीच्या गतीनं. मी बघितलं तर मालकांचा डावा पाय क्लचच्या पेडलवर, अर्धवट दाबून, आरामात बसलेला.

मला हसू आलं. खरं सांगते, सापडला चोर म्हणून मी खूश झाले. पाट्याचा सूड घ्यायची आयती संधी. म्हटलं, "अहो नवशिके, पाय काढा क्लचवरनं."

"काढलाय."

"काढा हो."

"अगं काढलाय म्हणतोय ना. खाली ठेवलाय."

पाय पेडलवर होता. तो माझ्या डोळ्यांपुढं होता, आणि हा माणूस थट्टा करत नव्हता. आवाजातला वैताग खरा होता. माझं हसू जागच्या जागी विरलं.

"गाडी थांबवा."

"आता काय?"

"थांबवा म्हणते ना."

त्यांनी गाडी कडेला घेतली. मी म्हटलं, खाली बघा. त्यांनी बघितलं, आणि बघतच राहिले. तो पाय दुसऱ्या कुणाचा तरी असावा तसं बघत होते. मग हळूच म्हणाले, "हा इथं कधी आला?"

मी त्यांना दार उघडून बाहेरच्या बाजूला तोंड करून बसवलं आणि रस्त्यावर बसून तो पाय मांडीवर घेतला. तळवा उलटा केला. अंगठ्याच्या मागं बाभळीचा काटा होता, मोडलेला, आत रुतलेला, भोवती पिवळं झालेलं. त्यातनं वास येत होता. किती दिवसांचा होता कोण जाणे.

"दुखतंय?" मी विचारलं.

"दाब आणि बघ."

मी केव्हाची दाबत होते. चांगली अंगठ्यानं, जोर लावून.

मला रडू आलं. पदर तोंडात कोंबला, पण यायचं ते आलंच. आमच्या गल्लीत साखरेनं एकाचा पाय गुडघ्यापासून गेलेला मी बघितला होता. मालकांनाही साखर होती. 'थोडीशी आहे' म्हणायचे, गोळ्या सोडून मेथीचं पाणी प्यायचे, आणि मी सुद्धा मेथीच भिजत घालत होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "अगं, काटाच आहे," म्हणाले. "काढला की झालं."

"काटा टोचलेला कळला नाही ना तुम्हाला?"

त्यांनी पाय माझ्या मांडीवरनं काढून घेतला.

परत फिरायला गाडी तर चालवायलाच हवी होती. मला चालवता येत नव्हती, आणि त्या रस्त्याला दुसरं कोण यायचं? तेव्हा मी शेजारी बसून त्यांच्या पायाकडं बघत राहिले आणि सांगत राहिले. आता दाबा. आता उचला. उचलला नाही अजून, उचला. जन्मभर मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही म्हणणारा माणूस मुकाट्यानं ऐकत होता. त्याचंच मला जास्त भ्या वाटलं.

डॉक्टर करजगी बाई वयानं लहान, पण बोलायला फटकळ. काटा काढला, जखम धुतली, पट्टी बांधली. मग मालकांना म्हणाल्या, "काका, डोळे मिटा. मी पायाला कापूस लावला की होय म्हणा."

मालकांनी डोळे मिटले. "होय," म्हणाले. बाईंचा हात तेव्हा टेबलावर होता. थोड्या वेळानं परत, "होय." तेव्हाही कापूस लांबच होता. जेव्हा खरंच बोटांवरनं फिरवला तेव्हा मालक गप्प होते. शाळेत उत्तर येत नसलं की पोरं अंदाजानं बोलतात, तसं चाललं होतं सगळं. मी बाईंकडं बघितलं. बाईंनी मला नजरेनंच गप्प बसवलं.

"उघडा डोळे. उजवा बराच शाबूत आहे. डाव्याची जाणीव गेलीय," त्या म्हणाल्या. "एक तर साखर. दुसरं म्हणजे रक्तात बी-ट्वेल्व तळाला गेलंय असं वाटतं, तपासून घेऊ. तुम्ही शाकाहारी, दूधही घेत नाही म्हणता. त्याची इंजेक्शनं देऊ."

"मग येईल परत?" मी विचारलं.

"काकू, नस मेलीय की झोपलीय ते आज सांगता येत नाही. झोपली असेल तर उठेल. महिने लागतील. मेली असेल तर आहे तो पाय सांभाळायचा." मग मालकांकडं वळल्या. "तोपर्यंत गाडी चालवायची नाही. आणि अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही."

"घरात?"

"घरात सुद्धा."

"देवघरात?"

"देव रागावणार नाही, काका. मी रागावेन."

घरी आल्यावर मालक म्हणाले, "निपाणीवाल्याला बोलाव. गाडी देऊन टाकू."

"पावसाळ्याआधी म्हणाला होता ना? पावसाळा यायचाय अजून."

"तो ॲव्हरेजचा विषय होता. आता चालवणाराच राहिला नाही." आणि जाऊन खिडकीत बसले. तेच ते, रंगवायच्या दिवसांतलं बसणं.

दुसरं भांडण बुटांचं. मी मऊ कॅनव्हासचे बूट आणले, तर घरात पायताण घालणार नाही म्हणून बसले. समजावलं, ओरडले, एक वेळ जेवले नाही, काही उपयोग नाही. मग मला आयडिया सुचली. सकाळी पाट मांडला, त्यावर ते कोरे बूट ठेवले, हळद-कुंकू लावलं, दोन झेंडूची फुलं वाहिली आणि निरांजन लावून ओवाळायला सुरुवात केली.

मालक देवघराच्या दारात थबकले. "बुटाला ओवाळतेस? खुळी का काय तू?"

"दसऱ्याला तागडीला ओवाळता, मापांना ओवाळता, गाडीला नारळ फोडता. पोट भरतं त्याची पूजा करायची म्हणता ना? मग पाय वाचवतो त्याची केली तर काय बिघडलं? झाले आता हे देवाचे. घाला."

त्यांनी बुटांकडं बघितलं, निरांजनाकडं बघितलं. मग हसले. त्या काट्यानंतर पहिल्यांदा हसले. खुर्चीत बसून पाय पुढं केला, आणि मी बूट चढवला. डाव्या बुटावरचं कुंकू पुढं कितीतरी दिवस तसंच होतं.

अब्बासनं नवी प्लेट घातली आणि स्वतः संकेश्वरला जाऊन आला. येऊन अंगणात उभा राहिला, किल्ली मालकांच्या हातात न देता माझ्या हातात दिली. "पंधरा, अण्णा. वर थोडंसंच."

"म्हणजे गाडीत काही दोष नव्हताच," मालक म्हणाले.

अब्बास खाली मान घालून उभा होता. त्याला वाटलं असणार, आपण तेव्हा बोललो ते लागलं. मालकांनी त्याला बसवून घेतलं, चहा दिला. "तू विचारलंस म्हणून हिनं बघितलं," एवढंच म्हणाले. त्यानंतर अब्बास दर रविवारी यायचा, गाडी चालू करायचा आणि मालकांना शेजारी बसवून फेरी मारून आणायचा. मालकांना ते आवडायचं नाही. शेजारी बसायची सवय नव्हती त्यांना. चढाला उजवा पाय आपसूक दाबायचे आणि अब्बासला गिअर सांगायचे.

निपाणीचा माणूस खरंच आला. पावसाची दोन नक्षत्रं होऊन गेली होती. पांढरा सदरा, हातात छत्री, गाडीभोवती दोनदा फिरला, बॉनेट उघडायला लावलं. मालक आतनं म्हणाले, "दाखव त्यांना सगळं." दर आठवड्याला इंजेक्शन झालं होतं, गोळ्या चालू होत्या, मी दोन्ही वेळा पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करत होते, आणि बाईंच्या कापसाला मालक अजून अंदाजानंच उत्तर देत होते. त्यांचा धीर सुटत आला होता. खोटं कशाला बोलू, माझाही सुटत आला होता. देवापुढं बसले की माझं मागणं एकच असायचं, त्या पायाला जरा दुखू दे.

"मग अक्का, कधी न्यायची?" माणसानं विचारलं.

"गाडी विकायची नाही," मी म्हणाले. "ड्रायव्हर रजेवर आहे."

तो गेला. रात्री जेवताना मालक म्हणाले, "रजा जरा लांबलीच की गं." मी म्हटलं, लांबू दे, पगार कुठं कापतोय.

दिवाळी होऊन गेली. थंडी सरली आणि शेवयांचे दिवस आले. दुपारी मागल्या दारी मी बाजेवर शेवया वाळत घालत होते. मालक शेवग्याखाली खुर्ची टाकून बसलेले. पाय नुकतेच धुतले होते, ते उन्हात कोरडे व्हायला म्हणून एका पाटावर ठेवलेले, बूट शेजारी. डोळ्यांवर पेपर घेऊन त्यांची डुलकी चालली होती.

"अगं," ते पेपराखालनं म्हणाले, "मुंगी चावली."

"झटका की मग. मुंगी चावली म्हणून वरात काढायची का?"

"चांगली कडकडून चावली."

"शेवयांना लागल्यात मुंग्या. तरी सांगत होते खुर्ची लांब घ्या." मी शेवया पसरत राहिले. मग माझा हात थांबला.

"कुठं चावली?"

"पायाला. अंगठ्याशी."

"कुठल्या पायाला?"

पेपर हळूहळू खाली आला. त्यांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग खाली बघितलं.

"डाव्या," ते म्हणाले.

मी पिठाच्या हातानं धावले आणि पाटापुढं फतकल मारून बसले. अंगठ्याच्या मुळाशी तांबडी मुंगी होती, डोकं खाली घालून चिकटलेली. भोवती कातडी लालसर झाली होती. मी तिला उडवायला बोट पुढं केलं, तोच मालकांनी माझं मनगट धरलं.

"थांब," ते म्हणाले. "अजून एकदा चावू दे."

मग आम्ही दोघं तिथं मुंगीकडं बघत बसलो.